ममी रोलच्या पट्ट्या सुटतात, भुतांचे चेहरे पुसले जातात: ओटीजीतला खारा भुताटकी खाऊ बिघडला तर काय तपासायचं

३१ ऑक्टोबर जवळ आला की माझ्या फोनवर साधारण सारखेच फोटो यायला लागतात. ममी रोल म्हणजे पनीरच्या कांडीभोवती बँडेजसारख्या गुंडाळून भाजलेल्या पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या. फोटोत ट्रेवर पनीर उघडं पडलंय, भोवतीच्या पट्ट्या सुटून बाजूला लोळतायत आणि खाली लोण्याचं तळं साचलंय. नाहीतर भुताच्या आकाराची चीज बिस्किटं एकमेकांत मिसळून त्यांची एकच पोळी झालीय. पाठवणारी माणसं वेगळी, ओटीजी (विजेचे छोटे घरगुती ओव्हन) वेगळे, कृतीही वेगवेगळ्या, बिघाड मात्र तोच. आणि तो फक्त हॅलोविनपुरता नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे वाईट शक्तींचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. मिरवणूक बघून आलेल्या मुलांसाठी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या तोंडांची खारी बिस्किटं होतात. तेव्हा हवा दमट असते, त्यामुळे हाच त्रास आणखी वाढतो.

एवढ्या घरांतले ट्रे पाहून माझं मत पक्कं झालंय की दोष बहुतेक वेळा कृतीत नसतोच. आत जाणारं पीठ हवं तितकं गार नसतं, आणि ओटीजी आपल्याला वाटतो तितका तापलेला नसतो. पीठ थोडं गरम, ओव्हन थोडा थंड, एवढं जुळून आलं की कोणताही आकार टिकत नाही. म्हणून मैद्याचं प्रमाण बदलायच्या आधी खालच्या क्रमाने बघत जा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही. शेवटच्या विजेच्या आहेत, आणि त्यात आपण कुठे थांबायचं हेही सांगितलंय.

आधी लक्षणं नीट बघा

- ममी रोलच्या पट्ट्या भाजताना सुटतात किंवा खाली घसरतात.
- ट्रेमध्ये लोणी वाहून साचतं. पट्टीला पापुद्रे सुटत नाहीत, ती चिवट होते.
- वरून रंग सुरेख येतो, पण तळ पांढरा आणि ओला राहतो.
- हाडांच्या आकाराच्या ब्रेडस्टिकच्या गाठी फुगून नाहीशा होतात, उरतो साधा जाडा पाव.
- भुतं, वटवाघळं, मारबतीची तोंडं पसरतात. डोळ्यांची भोकं बुजतात.
- लावलेले डोळे सरकतात, वितळतात किंवा करपतात.
- ट्रेच्या एका बाजूचं करपतं, दुसऱ्या बाजूचं कच्चं राहतं.
- काढताना कुरकुरीत असतं, पाहुणे येईपर्यंत मऊ पडतं.

यातली कोणती लक्षणं एकत्र दिसतात ते लिहून ठेवा. पट्ट्या सुटल्या आणि लोणीही साचलं तर प्रश्न तापमानाचा. लोणी साचलं नाही, फक्त तळ ओला राहिला, तर सारण आणि ट्रे बघा. एकच बाजू करपत असेल तर शंका ओव्हनवर घ्या. आणि फोटो नुसता वरून काढू नका, एक रोल उलटा करून तळाचाही काढा. कारण बहुतेक वेळा तळावरच कळतं.

१. चेहरा कधी लावता?

ही सगळ्यात सोपी तपासणी, खर्च शून्य. डोळे भाजायच्या आधी लावले असतील तर बाकी काही बघायची गरजच नाही. चीजचा ठिपका २०० अंशांवर दोन-तीन मिनिटांत वितळतो आणि गालावरून ओघळतो. ऑलिव्हची चकती सुकून आक्रसते. कणीक फुगली की तिच्यावर टोचलेली प्रत्येक गोष्ट ढकलली जाते.

रोल भाजून निघाले की पाच-सात मिनिटं थांबा आणि मग डोळे लावा. घट्ट चक्का किंवा मेयोनीजचा छोटा ठिपका, त्यावर कारळ्याचा किंवा काळ्या तिळाचा एक दाणा. लहान मुलं असतील तर अख्खी काळी मिरी आणि लवंग टाळा. मिरी तिखट लागते हा मुद्दा नाही, दाणा घशात अडकू शकतो. बिस्किटांची भोकं मात्र भाजण्याआधीच पाडावी लागतात. ती बुजतात त्याचं कारण पुढे दुसऱ्या तपासणीत आहे.

काळ्या रंगासाठी बाजारातली कोळशाची पावडर घालायचा मोह होतो. मी ती पार्टीच्या खाण्यात घालू देत नाही. हा कोळसा पोटातली औषधं शोषून घेतो, आणि आजी-आजोबांपैकी कोण रक्तदाबाची गोळी घेऊन आलंय हे आपल्याला माहीत नसतं. भाजलेले काळे तीळ आणि कारळे कुटून नाचणीच्या पिठात मिसळले तर काळी मारबत पुरेशी काळी होते, चवीलाही छान लागते. पिवळीला हळद.

२. आत जाताना ट्रे गार होता का?

खरा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पफ शीटमध्ये मैदा आणि लोणी यांचे पातळ थर एकावर एक असतात. ओव्हनची धग लागली की मैद्यातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते, त्याचेच पापुद्रे होतात. लोण्यात साधारण सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं, तेही इथे कामाला येतं. पण यासाठी ओव्हनमध्ये जाईपर्यंत लोणी घट्ट थराच्याच रूपात राहायला हवं. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. आता ऑक्टोबरच्या दुपारचं आपलं स्वयंपाकघर आठवा. गॅसवर काहीतरी उकळतंय, ओटीजी तापतोय, पंखा बंद. तिथला पारा तिशीच्या पुढेच असतो. पंधरा रोल गुंडाळेपर्यंत पहिल्या रोलचं लोणी मैद्यात जिरून गेलेलं असतं. मग वाफेला उचलायला थरच उरत नाहीत, लोणी ट्रेमध्ये वाहून जातं आणि पट्टी सैल पडते.

उपाय साधा आहे. पफ शीट ओट्यावर ठेवून मऊ करू नका. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. एका वेळी एकच शीट बाहेर काढा, तिचे चार-पाच रोल करा आणि लगेच ट्रेसकट परत फ्रिजमध्ये ठेवा. सगळे झाले की ट्रे आणखी वीस मिनिटं आतच राहू द्या. बोटाने दाबल्यावर पट्टी थंड आणि किंचित कडक लागली पाहिजे. आपला ट्रे घरच्या फ्रिजमध्ये मावत नाही ही तक्रार मी खूप ऐकते. तेव्हा स्टीलच्या दोन ताटांत बटर पेपरवर रोल ठेवा आणि भाजताना कागदासकट ट्रेवर सरकवा.

चीज बिस्किटांनाही हाच नियम. कापलेली भुतं निदान अर्धा तास गार करून आत जाऊ द्या, म्हणजे लोणी वितळायच्या आधी कड धरते आणि डोळ्यांचं भोक उघडं राहतं. त्यात बेकिंग पावडर घालत असाल तर काढून टाका. चीज आणि लोणी मिळून पुरेसं खुसखुशीत होतं, पावडरीने नुसता आकार पसरतो.

बेकरीतली शीट मार्गारिनची असेल तर ती जास्त उष्णता सोसते, कारण ते लोण्यापेक्षा उशिरा वितळतं. ऑक्टोबरमध्ये मी लोण्याचीच शीट घ्यायला सांगते, चव मोकळी लागते आणि टाळूला चिकट थर बसत नाही. एप्रिल-मेमध्ये कुणाच्या वाढदिवसाला भुतांची पार्टी असेल तर मात्र लोण्याचा हट्ट सोडा.

३. सारणात पाणी किती आहे?

तळ ओला राहण्याचं पहिलं कारण सारण. पनीर दह्याच्या तंदुरी मसाल्यात बुडवून तसंच गुंडाळलं तर ते पाणी जाणार कुठे? ते खालच्या पट्टीत मुरतं. पट्टीचा तळ वाफेवर शिजतो, भाजला जातच नाही. ओव्हन कितीही चांगला असला तरी त्याला आधी ते पाणी आटवावं लागतं, आणि तोवर वरची बाजू करपायला येते.

पनीरच्या बोटाएवढ्या कांड्या कापा, मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. दही नको. मसाला कोरडाच चोळा. भाज्यांचं सारण असेल तर ते परतून पूर्ण गार करा. गरम सारण भरणं म्हणजे दुसऱ्या तपासणीत केलेली सगळी मेहनत वाया घालवणं.

माझी सगळ्यात आवडती युक्ती आपल्याच घरातली आहे. सांबारवडीचं सारण करतो ना, तेच करायचं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन अगदी कोरडा करायचा, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, आलं-लसूण-मिरची. याचा पातळ थर पट्टीवर पसरा आणि त्यावर पनीरची कांडी ठेवा. पनीरमधून जे थोडं पाणी सुटतं ते सुकं खोबरं आणि खसखस शोषून घेतात, तळ कोरडा राहतो. शिवाय चव अशी येते की मोठी माणसंही मुलांच्या टेबलाकडे वळतात. वरून लावायच्या ‘रक्ता’साठी टोमॅटो-लसणाची चटणी आटवून त्यात भिवापुरी मिरचीचं तिखट घाला. रंग गडद येतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. ही चटणी वाटीतच द्या, रोलवर आधीच ओतू नका.

४. पट्टी कशी कापली, कशी गुंडाळली?

पट्टी साधारण एक सेंटिमीटर रुंद हवी. बोथट सुरीने कापली तर कडेचे थर दाबून चिकटतात आणि तिथून पापुद्रे उघडत नाहीत. धारदार सुरी किंवा पिझ्झा कटर वापरा, आणि ओढून न कापता सरळ वरून दाबून कापा. दूध किंवा अंडं लावायचं तर फक्त वरच्या बाजूला लावा. ते कापलेल्या कडेवरून ओघळलं की सुकताना थर जोडून टाकतं.

गुंडाळताना पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी भाजताना आक्रसते आणि टोक सुटतं. सैलसर गुंडाळा, दोन वेढ्यांत थोडी फट ठेवा म्हणजे बँडेज दिसतं आणि पट्टीला फुगायला जागाही मिळते. दोन्ही टोकं रोलच्या खाली दाबा. तिथे पाण्याचं बोट लावा. टोक वर किंवा बाजूला राहिलं तर ते सुटणारच.

५. हाडांच्या गाठी जात असतील तर

यीस्टचं पीठ वेगळं वागतं. इथे लोण्याचा संबंध नाही, जास्त फुगण्याचा आहे. पाककृतीत ‘एक तास फुगू द्या’ लिहिलेलं असतं ते साधारण २४-२५ अंशांच्या घरासाठी. आपल्याकडे तेवढंच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, आणि पुढचा सगळा वेळ पीठ सैल पडत जातं. म्हणून घड्याळाऐवजी पिठाकडे बघा. बोट टोचून काढल्यावर खळगा हळूहळू अर्धवट भरला तर तयार. अजिबात भरला नाही तर वेळ उलटून गेली. पुन्हा मळून घ्या.

हाडांसाठी पीठ जरा घट्टच हवं. २५० ग्रॅम मैद्याला १४० मिली पाणी, एक चमचा मीठ, एक टेबलस्पून तेल आणि इन्स्टंट यीस्ट फक्त अर्धा ते पाऊण छोटा चमचा. हाडाचा आकार दिल्यावर दुसऱ्यांदा फार तर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. टोकाची चीर खोल द्या, दोन्ही गाठी एकमेकींपासून लांब वळवा. त्या भाजताना जवळ येतातच.

६. ट्रे

ट्रे गच्च भरला तर रोलमधून निघालेली वाफ त्यांच्यातच कोंडते. दोन रोलमध्ये दोन बोटांची जागा सोडा. घरगुती ओटीजीत एका वेळी बारा-पंधराच बसतील, ते मान्य करा. दोन ट्रे एकावर एक लावू नका. वरच्या ट्रेमुळे खालच्याला वरची धग मिळत नाही, आणि वरच्याचा तळ कच्चा राहतो. ट्रेवर जाड सिलिकॉनची चटई असेल तर ती काढून साधा बटर पेपर घाला, तळाला लवकर रंग येतो. तळ तरीही पांढरा राहिला तर रॅक एक खाच खाली घ्या.

७. ओटीजी खरंच २०० अंशांवर आहे का?

बटण २०० वर फिरवलं की आत २०० झालं असं आपण धरून चालतो. दिवा पहिल्यांदा विझला म्हणून ओव्हन तयार झाला, हाही असाच समज. तो दिवा फक्त एवढंच सांगतो की थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) जिथे बसवलाय तिथली हवा तापली. भिंती, रॅक, ट्रे अजून थंडच असतात. दार उघडलं की ती हवा बाहेर जाते आणि आपला थंड ट्रे कमी तापलेल्या पेटीत शिरतो. तवा तापल्याशिवाय आपण भाकरी टाकत नाही, ओव्हनचंही तेच आहे. पफला सुरुवातीची पाच मिनिटं जोराची धग हवी. ती मिळाली नाही तर वाफ व्हायच्या आधीच लोणी वितळून वाहतं. म्हणून दिवा पहिल्यांदा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे रॉड (तापणाऱ्या सळ्या) चालू ठेवा. ट्रे झटकन आत सरकवा आणि पहिली बारा मिनिटं दार उघडूच नका. एकूण अठरा ते बावीस मिनिटं लागतात. वर लवकर रंग आला तर शेवटची चार-पाच मिनिटं फक्त खालचे रॉड.

बटणावरचा आकडा किती खरा आहे हे साखरेने तपासता येतं. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलची छोटी वाटी करून त्यात अर्धा चमचा साखर घाला. ओव्हन १७५ वर नीट तापवा, वाटी मधल्या रॅकवर पंधरा मिनिटं ठेवा. दाणे तसेच राहिले पाहिजेत. मग नवी साखर घेऊन २०० वर पंधरा मिनिटं. आता ती वितळायला लागली पाहिजे. १७५ लाच वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो. २०० लाही कोरडीच राहिली तर तो कमी तापतो. बटण दहा-पंधरा अंश पुढे नेऊन पुन्हा बघा, आणि जो आकडा जुळला तो चिठ्ठीवर लिहून ओव्हनजवळ लावून ठेवा. वितळलेली साखर फार चटका देते, वाटी पूर्ण गार झाल्यावरच उचला. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घेतलात तर हे सगळं एका नजरेत कळतं. वर्षातून दोन-चार वेळा बेक करणाऱ्यांनीही तो घ्यावा असं मला वाटतं. नवा ओटीजी घेण्याआधी तर नक्कीच.

बटण बरंच पुढे नेऊनही ओव्हन २०० पर्यंत जात नसेल तर पुढची तपासणी.

८. व्होल्टेज, प्लग आणि रॉड

ओटीजीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारा ओव्हन २०० व्होल्ट मिळाले तर साधारण ११३० वॅटच देतो, म्हणजे पाव ताकद गेली. पार्टी संध्याकाळची, भाजणं संध्याकाळी पाच-सहाला, आणि त्याच वेळी गल्लीतले कूलर, पंप, एसी सगळे चालू. सकाळी उत्तम भाजणारा ओव्हन संध्याकाळी रडवतो, त्याचं हे एक कारण. पंखा नेहमीपेक्षा हळू फिरताना दिसला तर शंका घ्या. बिनखर्चाची पडताळणी म्हणजे तेच चार रोल सकाळी भाजून बघा. सकाळी जमलं तर ओव्हन ठीक आहे. मग पार्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळं भाजून ठेवा (भरलेले रोल गार करून फ्रिजमध्ये) आणि वाढण्याआधी १८० अंशांवर पाच मिनिटं गरम करा. व्होल्टेज रोजच पडत असेल आणि शेजाऱ्यांकडेही तेच असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा. त्यावर घरातला उपाय शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट प्लगची. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर घेतो, २००० वॅटचा जवळजवळ पावणेनऊ. लहान पिनचं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरून ओव्हन चालवत असाल तर वायर तापते, व्होल्टेज आणखी पडतं आणि आग लागू शकते. ओव्हन भिंतीतल्या मोठ्या पॉवर प्लगवरच, थेट, एकटाच लावा.

एकच बाजू करपत असेल तर ओव्हन रिकामा ठेवून फक्त खालचे दोन रॉड लावा, खोलीतला दिवा मालवा आणि दार बंद ठेवून काचेतून बघा. काही मिनिटांत दोन्ही रॉड सारखेच तापताना दिसले पाहिजेत. मग वरच्यांचं तसंच बघा. एक थंड राहिला तर बिघाड सापडला. दोन्ही सारखे असतील तर तुमच्या ओव्हनचा तो कोपराच तेज आहे. बारा मिनिटं झाली की ट्रे फिरवा, झालं. दार घट्ट बसतंय का तेही बघा. दारातून धग बाहेर येत असेल तर बिजागरीत जुने कण अडकलेले असू शकतात. ते ओव्हन गार आणि प्लग काढलेला असतानाच साफ करा.

इथे थांबा, माणूस बोलवा

खालचं काहीही दिसलं तर भाजणं तिथेच सोडा. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा.

- ओव्हनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या किंवा शॉक.
- प्लग, सॉकेट किंवा वायर हाताला गरम, प्लास्टिक जळाल्याचा वास, पिनेवर काळे डाग.
- ओव्हन लावला की एमसीबी किंवा आरसीसीबी (धोका दिसताच वीज आपोआप तोडणारं बटण) पडतो. तो पुन्हा पुन्हा वर करू नका. वीज कुठेतरी गळतेय किंवा भार झेपत नाही, म्हणूनच तो पडतोय.
- रॉडला फुगवटा, भेग किंवा ठिणगी.
- दाराच्या काचेला तडा.
- दिवा कधीच विझत नाही आणि आतलं सगळं करपतं. थर्मोस्टॅट अडकलेला आहे.

सॉकेट, अर्थिंग, एमसीबी हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. रॉड, थर्मोस्टॅट, काच हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आत काय कुठे जोडायचं हे चुकलं तर पुढच्या वेळी ओव्हनच्या अंगातच वीज उतरते. पार्टी दोन तासांवर आली म्हणून ‘आजचा दिवस निभावून नेऊ’ असं अजिबात करू नका. मुलं त्याच ओट्याजवळ घुटमळत असतात.

पार्टी वाचवायचीच असेल तर गल्लीतल्या बेकरीत जा. गुंडाळलेले गार रोल ट्रेसकट नेले आणि गर्दीची वेळ टाळून विचारलं तर भाजून देणारे बेकरीवाले मिळतात. पन्नासच्या वर रोल करायचे असतील तर ओव्हन बिघडलेला नसला तरी मी हाच रस्ता सुचवते. घरगुती ओटीजीत चार-पाच खेपा होतात, तोवर पहिली खेप मऊ पडते.

मऊ पडण्याबद्दल

यात बिघाड काहीच नाही, फक्त साठवणीचा प्रश्न आहे. गरम रोल डब्यात घातले की त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग डब्यात ठेवा. तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत हवा दमट असते, तेव्हा बिस्किटांचा डबा वाढायच्या क्षणापर्यंत उघडू नका. पनीर किंवा चिकन भरलेले रोल मात्र बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. सकाळी भाजलेले रोल गार झाले की फ्रिजमध्ये ठेवा, पाहुणे दारात आले की १८० वर पाच-सात मिनिटं. चिकनचे असतील तर आतपर्यंत कडकडीत गरम होऊ द्या. डोळे त्यानंतर लावा.

सर्व्हिस सेंटरला फोन करताना ओव्हनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि वॅट सांगा. साखरेच्या चाचणीत काय झालं, कोणता रॉड थंड राहिला आणि हे सकाळी होतं की संध्याकाळीच, तेही सांगा. म्हणजे माणूस येताना योग्य रॉड किंवा थर्मोस्टॅट सोबत घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते.